मावशीच्या हातांचा रिपोर्ट

सोलापूर
१२ ऑगस्ट २०२४

दानू,

परवा तू फोन केलास आणि मी नुसतं व्हय व्हय म्हणत बसले. त्यातलं एक अक्षर कळलं न्हाय. शेवटाला तू काहीतरी विचारलंस, मी व्हय म्हणले आणि तू गप्पच झालीस. काय विचारलंस गं? जेवलीस का म्हणून विचारलं असशील तर ठीक, आजारी हायस का म्हणून विचारलं असशील तर घोळ झाला की. कानातलं मशीन नुसती शिट्टी मारतंय, काढून ठेवलंय. तीस वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, ती खटखट कान घेऊनच गेली. तवा आपलं पत्र बरं. मला वाचता येतंय, पुन्हा पुन्हा वाचता येतंय.

माझं काम चाललंय. सात रस्त्याला चंद्रिकाच्या पार्लरात अजून डोकी धुते. बायका मान मागं टाकून डोळे मिटतात. मला ऐकू येत न्हाय ह्याची कुणाला अडचण न्हाय, उलट बरं वाटतंय त्यांना, बोलावं लागत न्हाय. कुणाचं डोकं तापलेलं असतंय, कुणाच्या मानंत गाठी असतात. काल एक बाई रडायली होती. तिला वाटलं पाण्यात कळणार न्हाय. पण हाताखाली डोकं थरथरलं की कळतंयच. मी जरा जास्त वेळ धुतलं तिचं डोकं.

तुझी आई गेली तवा तू नऊ वर्षांची होतीस. तवापास्नं रोज तुझी वेणी घातली. तू नोकरीला गेलीस आणि घरात दुसऱ्या माणसाला हात लावायची वेळच येईना. पार्लरात दिवसाला दहा-बारा डोकी होतात.

पण हात जळायलेत. बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्यात, लिंबू पिळताना डोळ्यात पाणी येतंय. चंद्रिका म्हणते, तिचे ओठ मला वाचता येतात, हातमोजे घाल. हातमोज्यातनं डोकं कळत न्हाय. तुझ्या कंपनीत हाताला लावायचं काय बनतंय का? बनत असलं तर पाठव. नसलं तर राहू दे.

तुझी मावशी
गिरिजा


बद्दी, हिमाचल
२४ ऑगस्ट २०२४

मावशी, शरणु.

मी विचारलं होतं, "या दिवाळीला नाही आले तर चालेल का?" तू लगेच व्हय म्हणालीस. म्हणून गप्प झाले.

आता हातांचं. शाम्पूत फेस आणणारा जो पदार्थ असतो, त्याचं कामच तेल पकडून पाण्याबरोबर वाहून नेण्याचं. गिऱ्हाइकाचं डोकं आठवड्यातून एकदा धुतलं जातं, तुझे हात दिवसातून बारा वेळा. कातडीचं स्वतःचं तेल उरतच नाही, मग ती वाळते आणि फाटते. हातमोजे घाल, मावशी. खरंच घाल.

सोबत एक डबा पाठवतेय. कंपनीचा माल नाही, मी केलेलं क्रीम आहे. मी, स्वतः!

दीड वर्षं मी इथं काय करते ठाऊक आहे? दुसऱ्यांनी बनवलेल्या क्रीमचे नमुने येतात, ते तपासते. घट्टपणा किती, आम्लपणा किती, आकडे लिहायचे आणि बाटली फळीवर ठेवायची. तू बनव असं कुणी म्हणत नाही. आमचे पृथ्वीराज सर प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. त्यांना विचारून दोन रविवार बसले. तेल आणि पाणी एकमेकांत राहत नाहीत, हे तू वरणावरच्या तुपात बघतेसच. त्यांना एकत्र धरून ठेवायला तिसरा पदार्थ लागतो, त्याला इमल्सिफायर म्हणतात. त्याचं एक टोक तेलात बसतं, दुसरं पाण्यात. कपाटात त्याची पांढरी मेणचट पापडी होती. ती तेलात वितळवली, पाणी तेवढंच गरम केलं आणि थोडंथोडं ओतत घोटत राहिले. पहिल्यांदा फाटलं. दुसऱ्यांदाही फाटलं, चोथा वर आणि पाणी खाली. तिसऱ्यांदा एकदम सायीसारखं जमून आलं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, नाहीतर ओरडून दाखवलं असतं.

दहा दिवस लाव आणि मला रिपोर्ट दे.

दानेश्वरी


सोलापूर
१० सप्टेंबर २०२४

दानू,

डबा पोचला. पोस्टमननं दारात येऊन हातवारे करून सांगितलं, सही घेतली. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. मी म्हणलं, आमच्या पोरीनं केलंय, हिमाचलात. एकीनं वास घेतला, तर मी झाकण लावून टाकलं.

रिपोर्ट असा हाय की क्रीम चांगलं हाय. पांढरंशुभ्र हाय. लावल्यावर पहिल्यांदा जरा चुणचुणतंय, पण औषध म्हणलं की चुणचुणणारच की. भेगा आत गेल्यासारख्या वाटतात. तू आणि कर, माणसाला स्वतःच्या हातानं केलेलं आवडतंय.

दिवाळीचं म्हणशील तर मी व्हय म्हणले तेच बरोबर हाय. सुट्टी न्हाय तर काय करशील. हितं मला काय, चंद्रिका हाय, पार्लर हाय, दिवाळीत तर डोक्यांची रांग लागती.

तितं भाकरी मिळत नसंल. रोज जेवायला बसलं की मनात येतंय, तुला विचारावं, ऊटा आयता? जेवलीस का? मग एकटीच जेवते.

मावशी


बद्दी
३० सप्टेंबर २०२४

मावशी, शरणु.

तुझं पत्र खिशात घेऊन कामावर गेले आणि सरांना दाखवलं. त्यांना मराठी येत नाही, मी हिंदीत वाचून दाखवलं. "भेगा आत गेल्या" म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "महिनाभर वापरल्यावर कातडी कशी आहे ते लिहून आण. चांगलं असेल तर नव्या हाताच्या क्रीमच्या यादीत तुझा नमुना ठेवू." यादीत, मावशी! माझं नाव लिहिलेली बाटली.

म्हणून या वेळी दोन डबे पाठवतेय. कंजूषपणा करू नकोस. दिवसातून चार वेळा लाव, झोपताना जाड थर लावून वर सुती हातमोजे घाल, धुऊ नकोस, राहू दे. चुणचुणणं थांबेल. ती सुकलेल्या कातडीची चुणचुण असते.

संपायच्या आत सांग, दर पंधरा दिवसांनी पाठवत जाईन. मला त्याचा काही त्रास नाही.

दानेश्वरी


सोलापूर
२१ ऑक्टोबर २०२४

दानू,

महिन्याचा रिपोर्ट. क्रीम उत्तम. हात मऊ झाले. भेगा न्हाईत. तुझ्या सरांना असंच वाचून दाखव.

अक्षर वाकडं आलंय, थंडीनं पेन धरवत न्हाय.

चंद्रिकानं माझं काम बदललंय. आता मी मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालते. बसून काम हाय, आराम हाय. डोकी धुवायला दुसरी पोरगी आलीय.

डबे मिळाले. अजून पाठव.

मावशी


सोलापूर
१९ नोव्हेंबर २०२४

दानू,

हे पत्र चंद्रिका लिहायली, मी सांगायले. तिला म्हणलं तुझं अक्षर चांगलं हाय, तूच लिही. इकडं सगळं ठीक हाय. दिवाळी झाली. डबे पोचले. तू स्वेटर घालत जा. क्रीमची काळजी करू नको, ते चांगलंच हाय.

मावशी

दानेश्वरी, मी चंद्रिका. वरचं गिरिजाताईंनी सांगितलं तसं लिहिलं. खालचं मी माझ्या मनानं लिहितेय, त्यांना दाखवणार नाही.

तुमच्या मावशीच्या दोन्ही हातांना बँडेज आहे. सहा दिवस दवाखान्यात होत्या. भेगांत पू झाला, डावा हात मनगटापर्यंत सुजला, ताप चढला. सप्टेंबरपासूनच हात बिघडत चालले होते. भेगांतून पाणी गळायला लागलं तेव्हा गिऱ्हाइकं खुर्चीतून उठून जायला लागली. एकीनं माझ्या तोंडावर विचारलं, "हे आम्हाला लागणार नाही ना?" मग मी ताईंना मागच्या खोलीत बसवलं. पण गिऱ्हाईक नसलं की येऊन त्या रिकाम्या खुर्चीच्या मागं उभ्या राहायच्या.

डॉक्टरांनी विचारलं, हाताला काय लावता? त्या म्हणाल्या, काही नाही. पिशवीत तुमचा डबा मला सापडला. डॉक्टरांनी सांगितलं, हे ताबडतोब बंद करा, यानं वाढतंय. दुसऱ्या दिवशी गेले तर त्या दातांनी बँडेज सोडवून तेच लावत होत्या. मी डबा काढून घेतला. तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्यांसमोर रडल्या.

मी आधीच तुम्हाला कळवायला हवं होतं. त्यांनी शपथ घातली होती. तरी कळवायलाच हवं होतं. आता हात सुधारतायत.

चंद्रिका


बद्दी
२८ नोव्हेंबर २०२४

मावशी,

चंद्रिकाताईंनी मला सगळं कळवलंय. त्यांच्यावर रागावू नकोस.

पत्र वाचून मी कपाट उघडलं आणि त्या पापडीच्या बरणीवरचा कागद वाचला. ती पापडी नुसतं मेण नसते. तेलापाण्याची मोट बांधायला त्यात थोडा तोच पदार्थ मिसळलेला असतो, जो शाम्पूला फेस आणतो. धुऊन टाकायच्या वस्तूत तो असला तर लोकांचं फारसं बिघडत नाही. पण मी तुला सांगितलं होतं, धुऊ नकोस. चार वेळा लाव. जाड थर लाव, मोजे घाल. दिवसभर पार्लरात ज्यानं हात सोलले, तेच मी तुला झोपतानाही लावायला लावलं.

डॉक्टर जे मलम देतील तेवढंच लाव. घरात माझे डबे राहिले असतील तर फेकून दे. आता मी तुला काही पाठवणार नाही.

दानेश्वरी


सोलापूर
४ जानेवारी २०२५

दानू,

आज स्वतः लिहायले. बोटं वाकतात, बघ अक्षर.

मी खोटं बोलले. लावलं की आग व्हायची. पंख्याखाली हात धरून बसायची मी. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की हे आपल्याला सोसत न्हाय. तुला वाटत असंल मावशी अडाणी, तिला कळलं न्हाय. तसं न्हाय. कळत होतं.

पण पोस्टमन डबा आणायचा. झाकण उघडलं की वर तुझ्या चमच्याचा गोल उठलेला असायचा, तू सारखं केलेलं. त्याला बोट लावायच्या आधी मी जरा वेळ बघत बसायची. आणि डब्यासंगं तुझं पत्र. मला वाटलं, रिपोर्ट वाईट दिला तर डबा बंद, आणि डबा बंद झाला की पोरगी पत्र कशाला लिहील? तिला काय काम माझ्याकडं? त्यात तुझं नाव यादीत लागणार होतं. दीड वर्षात कुणी मान वर करून बघितलं न्हाय असं तूच लिहिलंस. मी कसं बिघडवू?

चूक माझी हाय. तू विचारलंस, मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर पहिल्याच डब्याला तू थांबली असतीस.

डॉक्टरनं साधं चिकट मलम दिलंय, त्यात पाणीच न्हाय. आग होत न्हाय. कातडी नवी आलीय, पोराबाळांसारखी गुलाबी. पण म्हणाले, शाम्पूत पुन्हा हात घालायचा न्हाय, जन्मात न्हाय. बरं म्हणले.

पत्र लिही.

मावशी


सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

दानू,

महिना झाला. आधीच्या पत्राला उत्तर न्हाय. मधल्या कार्डालाबी न्हाय. चंद्रिकाकडनं फोन लावला, ती म्हणाली, "ठीक आहे म्हणते, आवाज बारीक येतो, लगेच ठेवते."

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली. नंदीध्वज बघायला गेले. गर्दीत लोक चिकटून उभे असतात, ते मला बरं वाटतंय. हात नव्या ओढणीत गुंडाळून नेले.

एवढंच लिहायचंय की मला ज्याची भीती होती तेच झालं. मी खरं सांगितलं आणि पत्र बंद झालं.

मावशी


बद्दी
१९ फेब्रुवारी २०२५

मावशी,

असं म्हणू नकोस. तू खरं सांगितलंस म्हणून पत्र बंद नाही झालं. मला तुला तोंड दाखवता येईना म्हणून झालं. चार वेळा लिहायला बसले. "मावशी" लिहायचे आणि पुढे तुझे बँडेजातले हात दिसायचे.

सरांकडे जाऊन सांगितलं की रिपोर्ट खरा नव्हता, माझी बाटली यादीतून काढा. ते चिडले नाहीत. म्हणाले, "लावून ठेवायच्या क्रीमला ही पापडी? तीही फाटलेल्या कातडीवर? हे तर शिकवलेलं असतं." शिकवलेलं होतं, मावशी. परीक्षेत याच प्रश्नाला मला दहापैकी नऊ मिळाले होते. पण कपाटात समोर तीच होती, दुसरं मागवायला अर्ज करावा लागला असता, आणि मला माझी एक तरी गोष्ट घाईनं करून दाखवायची होती. तुझ्या खोट्या रिपोर्टाच्या आधी माझी चूक आहे. पुन्हा कधी ती तुझी म्हणू नकोस.

आणखी एक सांगते. माझ्या खोलीतली मुलगी जुलैतच नोकरी सोडून गेली. तुला सांगितलं नाही. खोलीवरून कंपनी, कंपनीतून खोली. रविवारी कुणाशी एक शब्द होत नाही, सोमवारी कामावर गेले की आवाज घोगरा निघतो. दिवाळीला सुट्टी मिळत होती. मी "नाही आले तर चालेल का" हे मुद्दाम विचारलं होतं. तू "नाही, येच" म्हणावंस म्हणून.

डबा पाठवायला पोस्टात जायचे तेव्हा तिथला कारकून पत्ता वाचून विचारायचा, "सोलापूरमें कौन है?" मी म्हणायचे, "मौसी." पंधरा दिवसांतून तेवढं एक बोलणं कामाबाहेरचं व्हायचं. तू लिहिलंस क्रीम चांगलं आहे, तर मी ते का तपासलं नाही? तपासणं हाच माझा धंदा आहे. ऑक्टोबरात थंडीनं पेन धरवत नाही म्हणालीस. सोलापुरात, ऑक्टोबरात! मी ते वाचलं, आणि पुढचा डबा भरला. मलाही डबा बंद करायचा नव्हता.

घरी यायची हिंमत नाही. हात कसे आहेत?

दानेश्वरी


सोलापूर
६ मार्च २०२५

दानू,

तुझं पत्र चारदा वाचलं. व्हय म्हणण्याआधी माणसानं काय विचारलंय ते पुन्हा विचारून घ्यावं, हे मला ह्या वयात कळलं. दिवाळीला आली न्हाईस ते मला चाललं न्हाय. अजिबात चाललं न्हाय. लक्ष्मीपूजनाला पार्लरला कुलूप, मी दारात एक पणती लावली आणि आत येऊन बसले.

हात बरे हायत. कातडी पातळ हाय, गरम तवा धरवत न्हाय, पण भाकरी थापता येती. चंद्रिकाला म्हणलं, नव्या पोरीला पहिल्या दिवसापास्नं हातमोजे घालायला लाव. ती पोरगी तोंड वाकडं करती, पण घालती. मला तितं आता काम न्हाय. चंद्रिका म्हणते, नुसतं येऊन बसत जा ताई. दोन दिवस जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी गेले न्हाय.

तू माझ्या हाताला काय केलंस ते धरून बसू नकोस. तुला हिंमत न्हाय म्हणतीस तर ऱ्हाऊ दे. मी येते.

चंद्रिकानं मोबाईलवर तिकीट काढून दिलंय. २१ तारखेला हितनं निघते, २२ ला दिल्ली. चंद्रिकानं एक कार्ड करून दिलंय, मला ऐकू येत न्हाय, दिल्ली आली की सांगा, असं हिंदीत लिहिलंय. ते गळ्यात घालणार हाय, लाज कसली. तू दिल्लीच्या फलाटावर ये. डबा एस सात. तो दिवस शनिवार हाय, एक दिवस रजा टाक, आणि टाकताना सरांना सांग की मौसी येती.

ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी आणते. भाकरीचा तवा तितं नसंल तर विकत घेऊ. तुझ्या खोलीत दोघींना झोपता येतंय का ते लिही, नसलं येत तरी लिहू नकोस, मी येणारच हाय.

चंद्रिका विचारत होती, परतीचं तिकीट कवाचं काढू? मला तिचे ओठ नीट वाचता आले होते. तरी मी तिला पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणलं, न्हाय, ते काढू नकोस.

मावशी